सहा कप-बश्या आणि विलायती मोटारी

उंद्री, ता. चिखली
२ फेब्रुवारी १९६९

आदरणीय सिंधूताईस,

धाकट्या शंकरचा, चांगुणेसह, जयभीम. भाऊजींचा खोकला आता कसा आहे? तू नर्स असून घरातला खोकला जात नाही, याचं इकडे सगळ्यांना नवल वाटतं (मला नाही, मी भाऊजींना परसात बिडी ओढताना पाहिलं आहे). तुझी दोन्ही कार्डं मिळाली. दुसऱ्या कार्डावर ‘घड्याळ?’ एवढंच लिहिलं होतं. ते पोस्टमननं वाटेत वाचलं, म्हणून माझ्याआधी गावाला कळलं. ताई, घड्याळ सुखरूप आहे. हे लिहून राह्यलो तेव्हाही समोरच टिकटिक करून राह्यलं आहे. त्याच्याकडे मी येतोच, पण आधी तुझे उपकार मानू दे. चार दिवसांसाठी का होईना, नाडी मोजायचं घड्याळ हातातून काढून तू रजिस्टर पार्सलनं पाठवलंस, म्हणून पुढचं सगळं घडलं.

झालं असं, की देशोदेशी होणाऱ्या मोटारींच्या शर्यतीची यंदाच्या हंगामातली पहिली फेरी आपल्या देशात ठरली, आणि तिची वाट चिखलीहून उंद्रीवरून खामगावकडे निघाली. (त्या लोकांनी आपला रस्ता आधी पाहिला होता की नाही, देव जाणे. माझ्या मते खड्डे पाहूनच निवडला असावा.) पंधरा दिवस आधी मुंबईहून एक साहेब जीपमधून आले. त्यांना रस्त्याला लागून सावली, एक टेबल, इंग्रजी आकडे लिहिणारा माणूस आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ पाहिजे होतं. गावात घड्याळ एकच, आमचे सरपंच हिंमतराव पाटील यांचं, पण त्याला सेकंदकाटा नाही, आणि मिनिटकाटाही मनाला येईल तेव्हा चालतो. रस्त्याला लागून घर म्हणशील तर गावाबाहेरचं आमचंच. तेव्हा हिंमतरावांनी माझं नाव सुचवलं, मी तुला पत्र टाकलं, आणि टेबल आमच्या दारात आलं.

आता तुला आमच्या घरच्या सहा कप-बश्या माहीत आहेत. घर बांधलं तेव्हा चांगुणेनं चिखलीच्या बाजारातून आणल्या, निळ्या काठाच्या. मास्तराचं घर, गावातली माणसं येतील, असं तिचं म्हणणं. माणसं येतातही. ओट्यावर बसतात, पोरांच्या अभ्यासाचं विचारतात, अर्ज लिहून घेतात. पण चहाचं नाव काढलं, की ‘मास्तर, आत्ताच घेतला.’ दोन वर्षांत मी कोणत्याही वेळी विचारलं तरी सगळ्या गावाचा चहा आत्ताच झालेला असतो. एवढा चहा पिणारं गाव जिल्ह्यात दुसरं नसेल. चांगुणा दर रविवारी कप-बश्या पुसते आणि फळीवर परत ठेवते. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी तुला आजवर लिहीत आलो. वाटतं, ताई.

शर्यतीच्या दिवशी सकाळीच अख्खं गाव रस्त्यावर. गर्दी आवरायला खुद्द हिंमतराव, हातात काठी. साहेबांनी मला काम समजावलं होतं, की गाडी आली की तास-मिनिट-सेकंद लिहायचं, गाडीवाल्यांच्या कार्डावर सही करायची आणि सोडायचं. बरं, धुरळ्याचा लोट उठला आणि पहिली निळी मोटार दारात थांबली. आतून दोन गोरे उतरले. त्यातला एक इतका लांब, की गाडीत कसा मावला याचा मी अजून विचार करून राह्यलो आहे. त्यानं कार्ड पुढे केलं. आता तूच सांग, माणूस सातासमुद्रापलीकडून आपल्या दारात आला, आणि पाणी नाही, चहा नाही, एकदम कामाचा कागद? आपल्याकडे व्याह्याशीसुद्धा चहा झाल्याशिवाय कोणी कामाचं बोलत नाही. मी म्हटलं, ‘बसा.’ चांगुणा आतून कप-बश्या घेऊन आली. कप खाली ठेवला की घड्याळ पाहायचं, असं मी मनाशी ठरवलं. त्यांना वाटलं, हा शर्यतीचाच नियम आहे. (हे मला मागाहून कळलं.)

लांबड्यानं घाईनं घोट घेतला आणि जीभ पोळून घेतली. मग फुंकत बसला. तेवढ्यात मागून दुसरी गाडी आली, तीत नैरोबीचे एक सरदारजी. त्यांनी बशीत ओतला, दोन फुरके मारले, कप ठेवला, मी सही केली आणि ते गेलेसुद्धा. लांबड्या रडकुंडीला आला. त्याचे हे हाल हिंमतरावांना पाहवेनात. ‘अबे, असा नाई!’ म्हणत त्यांनी काठी काखेत मारली, चांगुणेच्या हातातला कप घेतला, बशीत ओतला आणि फुर्र करून पिऊन दाखवला. लांबड्यानं पाहून तसंच केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग टाळ्या थांबल्या. हिंमतरावांनी हातातल्या बशीकडे पाहिलं, निळ्या काठाकडे पाहिलं. सगळं गाव त्यांच्याकडे पाहून राह्यलं. माझ्या हातात पेन तसंच. चांगुणा दाराची चौकट धरून उभी. हिंमतरावांनी सावकाश मिशी पुसली आणि म्हणाले, ‘मास्तरीणबाई, साखर थोडी कमी झाली.’ चांगुणा आत गेली ती डबाच घेऊन आली. त्यानंतर किती लोकांनी चहा घेतला याचा हिशेब मी ठेवला नाही, मला मोटारींची वेळ लिहायची होती.

दुपारी मुंबईचे साहेब आले, माझा कागद वाचला आणि डोकं धरून ओट्यावर बसले. उंद्रीच्या सगळ्या वेळा शर्यतीतून रद्द झाल्या. पण त्यांनी आपलं घड्याळ तुझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं, एका सेकंदाचा फरक नाही. जाताना चहा घेतला, बशीतून. घड्याळ उद्याच्या पार्सलनं निघेल. तुझे उपकार कसे फेडू, कळत नाही.

तुझा,
शंकर

ता. क. घड्याळ उद्या निघणार नाही. गावात बरोबर वेळ फक्त आमच्याकडे आहे हे सगळ्यांना कळलं आहे. लोक वेळ विचारायला येतात, मग बसतात. निमित्त आहे तोवर राहू दे. चौदा एप्रिलच्या जयंतीला मी स्वतः आणून देईन. तोवर नाडी एखाद्या मैत्रिणीच्या घड्याळावर मोज.

ता. क. दुसरा. लांबड्यानं जाताना एक बशी मागितली, चांगुणेनं हौसेनं दिली. नागपुराहून आणखी सहा पाठवशील का? निळा काठ मिळाला तर बरं. काल सकाळी आम्ही सहाजण होतो आणि बश्या पाच. चांगुणेनं हिंमतरावांना नुसता कप दिला, तर म्हणाले, ‘काऊन वो मास्तरीणबाई, मले बशी नाई?’ गावाची ही बोलणी आता आम्हाला रोज ऐकून घ्यावी लागतील, तेव्हा लवकर पाठव.