एका खोलीपुरता गारवा

रनाळे,
२ मार्च २०२५

॥ श्री ॥

चि. कुंदन यास रंजितावहिनीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत, पत्र पाहून दचकू नकोस. फोनच केला असता, पण फोन तुझ्या दादांच्या खिशात आणि बोलणं सगळं स्पीकरवर. हे त्यांच्या कानी पडायला नको होतं.

नव्या घराचं प्लास्टर आटोपलं. धाकटा भाऊ अख्ख्या घराला सेंट्रल एसी बसवून देतोय, हे दादा गावभर सांगत फिरतात. वर पीओपीचं छत, त्यात हवा नेणारे पत्र्याचे डक्ट, मशीन एकच आणि पाचही खोल्या गार. होळी झाली की पीओपीवाला येणार.

पण बाबा, ते मशीन हॉलमधलीच हवा ओढून पुन्हा सगळ्या खोल्यांत सोडतं ना? आणि आपलं स्वयंपाकघर हॉलला उघडं. मधली भिंत तूच नकाशातून काढायला लावलीस, पुण्याचं वारं लागलंय तुला. मी फोडणी टाकली की ठसका थेट दादांच्या उशाशी जायचा. वीस वर्षं मिरच्या वाळवायच्या पथारीवर राबून त्यांच्या छातीचं काय झालंय ते तू जाणतोस. पुन्हा गेल्या महिन्यासारखा दम लागला तर सांगता येणार नाही, असं डॉक्टर या खेपेला स्पष्ट बोलले. वर्षाचा मसाला करायच्या दिवशी मी त्यांना कळसाडीला तुझ्या बेबीअक्कांच्या सासरी धाडते. रोजच्या भाजीला कुठे धाडू?

फक्त त्यांच्या खोलीत भिंतीवरचा स्प्लिट एसी बसव. ना डक्ट, ना पीओपी, दार लावलं की ती हवा त्यांची एकट्याची. धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं तुला वाटेल. तुझं मन मोडतेय, त्याचं मला फार वाईट वाटतं. पण रात्री त्यांचा श्वास मी मोजते रे.

तुझ्या मायेवर विसंबून लिहिलं, राग धरू नकोस.

तुझी वहिनी
रंजिता


पुणे,
९ मार्च २०२५

ती. सौ. वहिनींस कुंदनचा सा. न. वि. वि.

खरं सांगतो, पत्र वाचून दोन दिवस फुगून बसलो होतो. मला दादाला अख्खं घर गार करून द्यायचं होतं. मी पंख्याखाली बसून इंजिनिअर झालो, तेव्हा तो भर उन्हात, तोंडाला फडकं बांधून मिरची पालथी घालत होता. मनात एवढंच होतं, की आता त्याला कुठल्याच खोलीत घाम येऊ नये.

मग एसीचं काम करणाऱ्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, की तुझी वहिनी बरोबर बोलते, मशीनची जाळी धूळ अडवते, मिरचीचा ठसका अडवत नाही. मी डोक्याला हात लावला. मी मशीनचं माप काढलं, दादाच्या छातीचं काढलं नाही. वहिनी, तुम्ही वेळेवर लिहिलंत, हे उपकार मी विसरणार नाही.

दादाला मी फोन करून सांगितलंय, की गावातल्या विजेवर एवढं मशीन चालणार नाही, स्प्लिटच घेऊ. तुमचं नाव कुठेही येऊ दिलं नाही. पीओपीवाल्यालाही नको म्हणून कळवलं. भिंतीची चूक माझी, तीही बांधून घ्या.

दादाला जपा, आणि मला असंच हक्कानं रागवत राहा.

तुमचा
कुंदन


रनाळे,
२१ एप्रिल २०२५

॥ श्री ॥

चि. कुंदन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

भिंत उभी राहिली आणि दादांच्या खोलीत एसीही लागला. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या भावकीला आत नेऊन बसवलं आणि मन्हा कुंदननी धाडं, असं प्रत्येकाला सांगितलं.

तुझी विजेची थाप मात्र त्यांनी त्याच दिवशी ओळखली होती. परवा हसत हसत मला सांगत होते, की सेंट्रलनं आपल्याला त्रास होणार हे त्यांना आधीपासून कळत होतं. पण पोरगा एवढ्या हौसेनं देतोय, त्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून गुपचूप शेतावरच्या खोलीत झोपायला जायचं ठरवून बसले होते. काय म्हणावं या माणसाला. मी चांगलंच तासलं त्यांना.

काल मसाला केला. कळसाडीला जा म्हटलं तर ऐकेनात. जेवले, खोलीत गेले, दार लावून घेतलं. आम्ही चौघी मागच्या अंगणात मिरच्या परतत होतो, डोळ्यांतून धारा लागलेल्या. तास झाला, दोन झाले, खोकल्याचा आवाज नाही. हातातलं टाकून धावले आणि दाराला कान लावला. आत तुझे दादा घोरत होते, गाढ, एका लयीत.

मी तिथेच उंबऱ्याशी बसले आणि रडले. मिरच्या परतायला आलेली शेजारची कालीबाई पदरानं माझे डोळे पुसायला आली, मिरची फार लागली का गं, म्हणाली. मी हो म्हटलं.

सुखी राहा बाळा, आणि मे महिन्यात जेवायला ये.

तुझी
रंजितावहिनी