डावीकडची खुर्ची

सायमन,

काल संगमनेरला कॉलेजची मीटिंग आहे असं सांगून तुम्ही गेलात. पुण्यातल्या त्या जर्मन पियानोवादकाच्या कार्यक्रमाची तिकिटं संपली, हेही तुम्हीच सांगितलंत. मला मात्र एक तिकीट सहज मिळालं, म्हणून मी नगरहून एकटीच एसटीने गेले.

डावीकडची खुर्ची घेतली. तिथून वाजवणाऱ्याचे हात दिसतात, ही तुमचीच शिकवण. तुम्ही दिसलात उजवीकडे, निळ्या साडीतल्या एका बाईला खेटून बसलेले.

लग्नानंतरच्या आपल्या पहिल्या कार्यक्रमात पियानो मधेच थांबला आणि मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही माझा हात दाबून धरलात. "अजून संपलं नाहीये. लाज आणलीस," म्हणालात आणि घर येईपर्यंत बोलला नाहीत. तेव्हापासून मी तुमच्याकडे बघूनच टाळ्या वाजवत आले.

काल त्या बाईने अगदी तीच चूक केली. लोक वळून बघायला लागले, तिचा चेहरा पडला. आणि तुम्ही लगेच तिच्याबरोबर टाळ्या वाजवायला लागलात, ती एकटी पडू नये म्हणून.

तिच्याशेजारी बसलात, ते एखाद वेळेस मी गिळलंही असतं. पण तुम्हाला असं वागता येतं, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

आज चहा पिताना तुम्ही मीटिंग कशी लांबली ते सांगितलंत. मी ऐकून घेतलं. हे पत्रही एवढ्यात देणार नाही. संपल्याशिवाय आवाज करायचा नसतो, हे तुम्हीच शिकवलंत.

डावीकडून बघणारी,
करुणा