चुकीच्या नंबरचा प्लग

प्रिय दादा,

तुझे तीन फोन मी उचलले नाहीत. घरातच होते, हातही रिकामे होते. पण फोनवर तू बोलायचं आणि मी हो म्हणायचं, अशी आपल्याला सवय लागली आहे. म्हणून लिहिते आहे. कागदावर तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

आई गेल्यावर घर आवरलं, तेव्हा जिन्याखालची बाबांची स्कूटर तेवढी उरली. हिच्यात आता दम नाही, असं तू अकरा वर्षं सांगत आलास. पण माझ्या डोक्यात खूळ शिरलं. पाना शोधून इंजिनाचा, ठिणगी पाडणारा प्लग काढला. तू शिकवलेलं सगळं आठवत होतं: टोक चहाच्या रंगाचं असेल तर इंजिन सुखात, पांढरं पडलं तर तापतंय, काळं आणि ओलं असेल तर गुदमरतंय. आपला काळाकुट्ट आणि तेलाने माखलेला निघाला. नवा घ्यावा म्हणून तो कागदात गुंडाळून मी चौकातल्या सुट्या भागांच्या दुकानात गेले.

दुकानदार आता म्हातारे झालेत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी प्लगवरचा नंबर वाचला आणि विचारलं, हा कोणत्या शहाण्याने बसवला? मग त्यांनी मला नीट समजावलं. हा प्लग तासन्‌तास जोरात पळणाऱ्या गाड्यांचा, आपली उष्णता तो झटकन सोडून देतो. सिग्नलला थांबत सावकाश जाणाऱ्या, पेट्रोलमध्ये ऑइल घालून चालणाऱ्या जुन्या स्कूटरला गरम राहणारा प्लग लागतो, आपली काजळी आपणच जाळणारा. आटे दोघांचे सारखेच, त्यामुळे चुकीचाही बिनबोभाट बसतो. मी म्हटलं, माझा भाऊ कारखान्यात यंत्रंच दुरुस्त करतो, त्याने निवडला होता. तेव्हा त्यांना तू आठवलास. चुकीचा आहे हे माहीत असून हाच द्या म्हणणारं गिऱ्हाईक उभ्या आयुष्यात एकच भेटलं, म्हणून लक्षात राहिलं म्हणे. सोबत बरोबरचाही एक नेला होतास.

बरोबरचा कुठे असायचा ते मला तिथेच, काउंटरपाशी उभी असताना कळलं. तुझ्या शर्टाच्या खिशात, फडक्यात. रविवारी स्कूटर तुला हवी असायची. तू पाना घेऊन पाच मिनिटं खाली बसायचास, प्लग साफ करतो म्हणायचास, आणि गावभर फिरून यायचास. परत आल्यावर पुन्हा पाच मिनिटं खाली बसायचास. या गाडीला माझा हात कळतो, असं तू म्हणायचास आणि मी, वेडी, ते सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. इंजिन जुनं आहे, ऑइल थोडं जास्तच घाल, हेही तूच सांगितलंस. मी मापाचं झाकण काठोकाठ भरून ओतायचे.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेतली ती नोकरी मला किती हवी होती, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रक्ताचे नमुने सकाळी आठला घ्यायचे, आणि पहिली बस नऊला पोचायची. पहिल्या तीन महिन्यांत मी सात वेळा उशिरा गेले. पुलाच्या चढावर स्कूटर बंद पडायची, मी प्लग काढून रुमालाने पुसायचे आणि काळ्या हातांनी कामावर पोचायचे. रक्त घेणाऱ्या बाईचे हात असे? प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं. सातव्या वेळेनंतर त्यांनी मला येऊ नका म्हणून सांगितलं. घरी येऊन मी तुझ्याच खांद्यावर रडले, आणि तू माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणालास, जाऊ दे गं, आईजवळ कुणीतरी हवंच आहे.

दादा, तू नुसतं विचारायचं होतंस. आईला एकटीला ठेवता येत नाही, माझी पोर अजून लहान आहे, तू थांबशील का, एवढंच. मी चिडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि थांबले असते. मग ते थांबणं माझं असतं. तू ते माझ्याकडून काढून घेतलंस. आईचं करताना मी कधी कुरकुरले नाही, आजही नाही. पण मी नालायक आहे, वेळेवर पोचणं माझ्या नशिबातच नाही, असं समजून मी अकरा वर्षं जगले. त्याचा मला इतका संताप येतो आहे की लिहिताना अक्षर बिघडतंय. बिघडू दे.

आता तू फोन का करतोस ते मला माहीत आहे. तुझी लेक गेल्या सोमवारी त्याच इस्पितळात, त्याच प्रयोगशाळेत लागली आणि कामासाठी माझ्याकडे राहायला आली. तिला मी स्कूटर दिली. प्लग मीच निवडला, मीच बसवला. एका किकमध्ये चालू होते आणि पुलाचा चढ न अडखळता चढते. रोज आठच्या आत पोचते तुझी पोर. आत्या, तू ही नोकरी का सोडलीस, असं ती लहानपणापासून विचारायची आणि मी सांगायचे, स्कूटर चालत नव्हती म्हणून. काल संध्याकाळी तिने गाडी लावली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आत्या, ही तर मस्त चालते. मग तोच जुना प्रश्न तिने पुन्हा विचारला. मी तिला सांगितलं, याचं उत्तर तुझ्या बाबांकडे आहे. आज ती तुझ्याकडे जेवायला येते आहे, आणि हे पत्र मी तिच्याच हाती पाठवते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही.

अजून तरी तुझीच,
धाकटी