लाइट गेली नव्हती

कुंबनाड,
१९ ऑक्टोबर

प्रिय टिन्टुमोळे,

देवाच्या दयेने इथे सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. बाळ दूध नीट पितं ना? तुझे टाके भरून आले का? तिकडे आता थंडी सुरू झाली असेल. तू स्वतः नर्स, तुला मी काय सांगायचं, पण बाळंतिणीने कानाला वारा लागू देऊ नये, हे आयर्लंडमध्येही खरंच असणार. इथे रोज दुपारनंतर ढग गडगडतात आणि कपडे वाळत नाहीत. जाईच्या मांडवाखालची तुझी मांजर पुन्हा व्यायली. काल कप्प्याचा कंद उकडून मत्ती मासळीचं कालवण केलं होतं, इच्चायन, तुझे भाऊराय, दोन घास खाऊन उठले.

दहा महिने तू या वहिनीशी बोलली नव्हतीस. गेल्या नाताळात तू सुट्टीवर आलीस, तर तुझा पलंग ओसरीत आणि तुझ्या खोलीत माझं मशीन, वायरी आणि पंखा. "माझं लग्न झालंय, मी मेलेली नाही," म्हणालीस आणि बॅग घेऊन आत्याकडे निघून गेलीस. त्या दिवसानंतर परवा तुझा पहिला निरोप आला, तोही एका ओळीचा. "चेची, घरी लाइट गेली होती तर अम्मच्चीचं पान कसं चालू होतं?"

फोनवर उत्तर देता येईना. तिथे निळ्या खुणा उमटतात, मग तू वाट बघत बसतेस आणि इकडे मी लिहून पुसत राहते. म्हणून हे कागदावर. तुला राग येईल, पण कागद मध्येच बंद करता येत नाही, एवढं तरी बरं.

विचारलंस ते अगदी बरोबर विचारलंस. माझ्या धंद्यातलं इतकं कुणालाच कळत नाही. इथले लोक समजतात की मयताचं लाइव्ह म्हणजे कॅमेरा लावला की तो आपोआप अबूधाबीत उगवतो. तर ऐक. तुझ्या खोलीतलं मशीन एकच, पण त्यात दोन नोकर असतात. एक पानाचा. त्याच्याकडे अम्मच्चीचा फोटो, नाव, जन्म-मृत्यूची तारीख, प्रार्थनेची वेळ आणि लोक खाली लिहितात त्या श्रद्धांजल्या असतात. कुणी कुठूनही मागितलं की तो देतो. त्याला वेब सर्व्हर म्हणतात. दुसरा नोकर व्हिडिओचा. चर्चमधून माझा लॅपटॉप चित्र-आवाज पाठवतो, तो ते घेऊन बारीक बारीक तुकडे करतो. चांगलं नेट असलेल्यांना मोठे तुकडे, आखातात लेबर कॅम्पमध्ये मोबाइलवर बघणाऱ्यांना हलके. दोन्ही सॉफ्टवेअर फुकटची आहेत, पण म्हणून वाईट नाहीत. जगभर तीच चालतात. तंकच्चन अंकलना हे सांगून पटत नाही. मातीनंतर काळी कॉफी पिता पिता सगळ्यांसमोर म्हणाले, "आयर्लंडहून एवढा पैसा येतो आणि सून भंगारातल्या मशीनवर सासूला पोचवते!" दुबईहून सजी ओरडला, "चेची, माझ्या आत्याचं तोंड शेवटचं बघायचं होतं, आणि तू पडद्यावर नुसतं चाक फिरवत ठेवलंस!" पलीकडच्या पुन्नूसच्या घरी वडलांची एक्केचाळिसाव्या दिवसाची प्रार्थना आहे, तिचं काम त्यांनी माझ्याकडून काढून तिरुवल्लाच्या एका स्टुडिओला दिलं. मी सगळ्यांना एकच सांगितलं, घरी लाइट गेली.

लाइट गेली असती तर दोन्ही नोकर एकदम झोपले असते. पानाचा जागा होता. तू ते बघितलंस.

म्हणजे व्हिडिओचा नोकर एकटाच बंद पडला. तो बिघडला नाही, टिन्टू. मी बंद केला. चर्चमध्ये बसून, लॅपटॉपवरून, माझ्या हाताने.

आता तू पत्र खाली ठेवशील. ठेवू नकोस.

शेवटच्या मुक्याची वेळ तुला माहीत आहे. पेटीभोवती घरचे येतात, एकेक जण वाकून मुका घेतो, मग तोंडावर कापड घालतात. परदेशातले लोक तेवढ्यासाठीच बसलेले असतात. मी इतक्या मयतांना कॅमेरा लावला, माझा एक नियम आहे. पाद्र्यांचा आवाज नीट जावा म्हणून छोटा माइक पेटीच्या डोक्याशी, मेणबत्तीच्या स्टँडला बांधलेला असतो, पण मुके सुरू झाले की तो बंद करायचा आणि गायकमंडळींचं गाणं सोडायचं. कारण माणसं मेलेल्याच्या कानाशी काय काय बोलतात. कुणी माफी मागतं, कुणी शिव्या देतं. एकदा एका बाईने नवऱ्याला, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस, असं विचारलं होतं. ते जगासाठी नसतं.

त्या दिवशी मी विसरले. पाद्री वर्गीस अच्चनची प्रार्थना संपली, आणि मी लॅपटॉपशी बसून रडत होते. अम्मच्ची माझीही कुणीतरी होती ना! दुसऱ्यांच्या मयतात माझे हात कसे सरळ चालतात, घरच्या मयतात एक बटण राहिलं. कानाला हेडफोन होते. इच्चायन वाकले, आणि त्यांचा आवाज माझ्या कानात आला.

टिन्टू, त्याआधी तुला थोडं सांगावं लागेल. तुला सांगितलं गेलं की अम्मच्चीला दोन दिवस ताप आला आणि झोपेत गेली. तसं नाही. जूनमध्येच डॉक्टरांनी पोटात गाठ सांगितली होती. जूनमध्ये तू विमानात बसू शकत होतीस. मला वाटायचं, तुला सगळं ठाऊक आहे. इच्चायन फोन घेऊन अंगणात जायचे, परत येऊन अम्मच्चीच्या कानाशी ओरडून सांगायचे, "टिन्टूला रजा नाही. डॉक्टर तिला सोडत नाहीत. तू 'ये, ये' करून तिला रडवू नकोस." अम्मच्चीला फोनवरचं काही ऐकू यायचं नाही, तुझ्यामाझ्यात बोलणं नाही, म्हणजे इकडचं तिकडे नेणारे ते एकटेच. मी सर्व्हर चालवते, पण आमच्या घरात असा एक सर्व्हर आहे हे मला दिसलं नाही. मागेल त्याला जसंच्या तसं द्यायचं, एवढंच त्याचं काम असतं. त्याने मध्येच आपल्या मनाचं घातलं तर बघणाऱ्याला कधीच कळत नाही.

आणि मी काय केलं, तर तुला नावं ठेवली. शेजारच्या कुंजम्माने विचारलं, "मुलगी येत नाही का गं?" तर मी म्हणाले, "तिला तिथली रजा मोठी, आई लहान." माझ्या तोंडचे शब्द. आठवले की जीभ छाटावीशी वाटते.

तर हेडफोनमध्ये जे ऐकलं ते लिहिते. मी त्यात काही घातलं नाही, काढलं नाही.

"अम्मच्ची, टिन्टू 'रजा नाही' असं म्हणालीच नव्हती. मी तिला काही कळवलंच नाही. तू तिच्यावर रुसून जाऊ नकोस गं."

ते बोलत होते तेव्हा तो तुकडा माझ्या मशीनमध्ये भरत होता. भरला की तो पुढे निघतो, आणि तुमच्यापर्यंत पोचायला अर्धं मिनिट जातं. तेवढ्यात माइक बंद करून उपयोग नव्हता, शब्द आत गेले होते. एकच उपाय होता, नोकरालाच झोपवायचं. मला विचार करायला वेळ मिळाला असं तुला वाटेल. नाही मिळाला. तू बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असशील, दुबई, कुवेत, ह्यूस्टन सगळीकडे नातेवाईक बसलेले असतील, आणि माझ्या नवऱ्याचं हे बोलणं त्या सगळ्यांच्या घरात एकदम उतरेल, एवढंच डोळ्यासमोर आलं. बोट आपोआप गेलं. तुला वाचवलं की त्यांना वाचवलं, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्याच घरची अब्रू वाचवली, हे मात्र नक्की.

त्या बदल्यात अम्मच्चीच्या तोंडावर कापड घातलेलं तू बघितलं नाहीस. तुझ्या पडद्यावर चाक फिरत राहिलं.

मातीनंतर घरी आल्यावर इच्चायन मला म्हणाले, "आजच बंद पडायचं होतं का?" मी हेडफोन त्यांच्या कानाला लावले. लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग वेगळं चालू असतं, ते थांबलं नव्हतं. त्यांनी ऐकलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवले, त्याची वायर नीट गुंडाळली.

"पुसून टाक," म्हणाले.

"का केलंत असं?"

"पुसून टाक म्हटलं ना, बिन्सी."

"पुसते. आधी सांगा."

गुंडाळलेली वायर पुन्हा सोडली. मग म्हणाले, "ती आली असती की दोन दिवसांत डॉक्टर बदलला असता, हॉस्पिटल बदललं असतं, गोळ्यांच्या डब्या बदलल्या असत्या. मी गाडी काढायला आणि पिशव्या उचलायला. अम्मच्ची आजारी पडली की कायम टिन्टूची होते. एकदा तरी माझी असू दे, म्हटलं. वाटलं, पुढच्या आठवड्यात कळवू. मग तू म्हणालीस, तिला आता दिवस भरत आलेत, विमानात घेणार नाहीत. मला कारणच मिळालं."

त्यांचं म्हणणं मी तुला नुसतं पोचवतेय. त्यांची वकिली करत नाही. मी त्यांच्याशी पुष्कळ भांडले. "तुम्ही आईची आशा खाल्लीत," असंही म्हणाले. ते ऐकून घेतात, त्यामुळे भांडणाराचीच पंचाईत होते. रोज सकाळी कबरीवर जाऊन बसतात. वर्गीस अच्चन मला म्हणाले, "रेजीचं आईवर फार प्रेम होतं." मी मान हलवली. खोटं तर नाही.

अजून एक गोष्ट आहे आणि ती लिहायला मी इतकी पानं खाल्ली. शेवटच्या कॉलमध्ये तू हाका मारत होतीस आणि अम्मच्चीने भिंतीकडे तोंड फिरवलं. तुला इच्चायननी सांगितलं, गोळीची गुंगी आहे. गुंगी नव्हती, मोळे. ती तुझ्यावर रुसली होती. फोन बंद झाल्यावर मला म्हणाली, "तिला म्हणावं, आता नको येऊ." हे मी तुला सांगू की नको, यावर माझं डोकं फुटायची वेळ आली. न सांगितलं तर तू एवढंच समजशील की भावाने लपवलं. सांगितलं तर जन्मभर ती फिरवलेली मान बघशील. पण तू विचारलंस. ज्याने विचारलं त्याला अर्धंच द्यायचं, हे या घरात आता एवढ्यावर पुरे. आणि त्या रुसण्यात तुझा काही दोष नव्हता. रुसवा खोट्या निरोपावर होता, तुझ्यावर नव्हता. हे वाक्य हवं तेवढ्या वेळा वाच.

तुझा निरोप आला तेव्हा मी इच्चायनना दाखवला. म्हणाले, "पुन्हा लाइटचंच सांग." आज दुपारी जेवणाच्या टेबलावर हे लिहायला बसले तर मागे येऊन उभे राहिले.

"कुणाला?"

"टिन्टूला."

"काय लिहितेस?"

"लाइट गेली नव्हती."

त्यांनी थंड कॉफी पेल्यात ओतली, न पिता तशीच ठेवली आणि अंगणात गेले. पावसात, छत्री न घेता. मी लिहीत राहिले.

रेकॉर्डिंग मी पुसलं नाही. सोबतच्या चिठ्ठीवर एक पत्ता लिहिते, तो फोनमध्ये घातलास की पान उघडेल. बाकी कुणाला दिसणार नाही, त्याला कुलूप आहे. किल्ली म्हणजे अम्मच्चीचं बाप्तिस्म्याचं नाव. अच्चनच्या प्रार्थनेपासून तोंडावर कापड घालेपर्यंत सगळं आहे, आवाजासकट. कुठे कापलं नाही. एकटी बघू नकोस. तुझ्या जिजोला जवळ बसव, बाळ झोपलेलं असताना बघ. इच्चायन वाकले की आवाज कमी करायचा असेल तर कर, तो तुझा हक्क. मी तो दुसऱ्यांदा घेणार नाही.

तुझ्या खोलीतलं मशीन हलवायचं मी ठरवलंय. पलंग आत घेईन, चादरही धुऊन ठेवलीय. पण हलवायचं म्हणजे बंद करावं लागतं, आणि तू बघेपर्यंत मी ते बंद करणार नाही. विजेचा भरवसा नाही म्हणून नवीन बॅटरीही लावली आहे. पुन्हा कधी चाक फिरलं तर समज, या वेळी खरंच काहीतरी बिघडलंय.

मला चेची, मोठी बहीण म्हणायचं की नाही, हे बघून झाल्यावर ठरव.

तोवर मशीनशी बसलेली,
बिन्सी

ता. क. पत्र घडी घालून टेबलावर ठेवलं होतं. इच्चायन ओल्या कपड्यांनी आत आले, सगळं वाचलं, आणि पाकीट मागून घेतलं. त्यावरचा पत्ता मी लिहिलेला नाही. उघडतानाच तू अक्षर ओळखलं असशील.