मधल्या खोलीतल्या उन्हाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा चष्म्याच्या काचा घासणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते की, माझं डोकं ठिकाणावर आहे. तसं डॉक्टरांनी लिहून दिलंय. मुलाला शंका आहे, ती त्याने स्वतःजवळ ठेवावी. मंगळवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. मी त्यातून उठणारच आहे, पण वकीलबाई म्हणाल्या, कागद तयार असलेला बरा. याआधीची दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. दोन्ही रागाच्या भरात लिहिली होती.

१. घराचा माझा अर्धा भाग मुलगा आणि सून यांना समान. बँकेतली ठेव सुनेला. किती आहे ते तिला ठाऊक आहे, मुलाला नाही, आणि तसंच बरं आहे.

२. काचा घासायचं चाक आणि नंबरांची पेटी भाचीला, कारण हल्ली दुकान तीच चालवते. चाकाला तेल ती विसरते. हे इथे लिहिल्यावर तरी लक्षात राहील.

३. गच्चीवरची तबकडी. हिचा इतिहास सांगितल्याशिवाय हे कलम कोणाला कळणार नाही. घराचा दुसरा अर्धा भाग माझ्या धाकट्या दिरांचा. ते पुस्तकांची बांधणी करतात. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी न विचारता आमच्या मधल्या खोलीच्या एकुलत्या एका खिडकीला चिकटून बांधणीची खोली उभी केली. खिडकीत वीट आली आणि खोलीत भरदुपारी ट्यूब लागली. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे." हे गेले, पण माझ्याच्याने काही जाऊ देववलं नाही. मी भाऊजींशी बोलणं टाकलं. चष्मे मात्र सुनेच्या हाती पाठवत राहिले, कारण माझं भांडण त्यांच्या डोळ्यांशी नव्हतं.

मग साठी उलटल्यावर मला खूळ लागलं. दोन वर्षं खपून मी परातीएवढा अंतर्गोल आरसा घासला, तीच ही तबकडी. दोन मोटारी त्याला दिवसभर सूर्याकडे तोंड करून ठेवतात. गोळा झालेल्या उन्हातली उष्णता एक काच बाहेर काढते आणि नुसता उजेड केसासारख्या तंतूंमधून खाली खोलीत उतरतो. ढग आला की ट्यूब आपोआप वाढते, ऊन आलं की तेवढीच मंद होते.

पहिल्या दिवशी सगळे खुर्च्या मांडून बसलो. काहीच झालं नाही. मुलगा म्हणाला, "आई, ऊन काही आलं नाही गं." तीन दिवस मी शिडीवरून वरखाली केलं, आरसा चारदा पुसला, जेवले नाही. चौथ्या दिवशी सून केर काढता काढता म्हणाली, "आई, ही ट्यूब तर कधीची विझलीय. मग आपल्याला दिसतंय कसं?" ऊन पहिल्या दिवसापासून खोलीत होतं. ट्यूब इतकी बेमालूम मागे सरत होती की ते आलेलं आम्हाला कळलंच नव्हतं. मी केरसुणीसकट सुनेला मिठी मारली आणि नाचले. गुडघा आठवडाभर सुजला, पण तो नाच वसूल होता.

तबकडी सुनेला. मुलाने ती भंगारात दिल्यास कलम एकमधला त्याचा वाटा रद्द.

४. आता ज्यावरून घरात महिनाभर कुरबूर चाललीय ते. तबकडीतून खाली येणाऱ्या केबलमध्ये उजेडाचे अठ्ठेचाळीस तंतू आहेत. छत्तीस वापरात, बारा मोकळे. मुलाला ते न्हाणीघरात हवेत, सुनेला ओट्यावर. दोघांनाही मिळणार नाहीत.

५. माझ्या दिरांना या मृत्युपत्राने काहीही दिलेलं नाही. मुलाने हे वाचून मान डोलावू नये, पुढे वाचावं. मला साक्षीदार म्हणून तेच हवे होते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं आणि नसल्याचं त्यांच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळणार, त्याची साक्ष नको." म्हणजे त्यांचा हिस्सा जिवंतपणीच द्यायला हवा होता. शिवाय सून सांगत होती की, हल्ली सुईत दोरा ओवायला ते उजेडासाठी रस्त्यावर येऊन उभे राहतात.

काल सकाळी मी ड्रिल घेऊन बुजलेल्या खिडकीसमोर उभी राहिले. पलीकडून आवाज आला, "कोण आहे?"

"मी. बाजूला व्हा भाऊजी, भोक पडतंय."

पलीकडे खुर्ची सरकली. मग म्हणाले, "वहिनी, वीतभर डावीकडे घ्या. इथे कपाट आहे."

मी वीतभर डावीकडे घेतलं. भोक वाकडं पडलं. बारा तंतू आता पलीकडे आहेत. मला फार आनंद झालाय, हे कायदेशीर भाषेत कसं लिहितात ते माहीत नाही.

ठिकाण: दिरांची बांधणीची खोली. दिनांक: चौदा मार्च, सकाळी सव्वाअकरा.

सही: चष्मेवाली

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरे: धाकटे दीर, बुकबाईंडर. सही माझ्यासमोर झाली. डोकं ठिकाणावर आहे. साक्षीदाराला अट घालता येत नाही असं वकीलबाई सांगतात, तरी घालतो: वहिनींनी ऑपरेशन उरकून घरी यावं. एकोणीस वर्षांचं बोलायचं राहिलंय.