पाणी कुठे सोडायचं

४ मे

लिंबोणी आज काढली. मुळासकट. कुऱ्हाडीची गरजच पडली नाही. दोघा गड्यांनी हलवली आणि सैल दातासारखी हातात आली. मुळं काळी, सालीखाली नुसता डिंक, आणि तो कुजका वास.

बाबांची बिनकाट्याची लिंबोणी! बीपासून उगवलेली, आपसूक. तिला काटे नाहीत हे बाबांच्याच लक्षात आलं होतं, फांदीवरून हात फिरवता फिरवता. मग किती वर्षं नुसतं बघत बसले. फळ कसं धरते, रस किती, उन्हाळा कसा काढते. मी मागे लागायचे, "बाबा, आता कलमं करू या ना." तर म्हणायचे, "अजून एक हंगाम बघू. गडबड नको." बघता बघता स्वतःच गेले. एकच झाड. जगात दुसरं नाही.

आणि ते गेलं एका फळीपायी. मागच्या पुरात धाकटीने चराच्या तोंडावरची फळी टाकली — माझ्या बाजूचं पाणी तिच्याकडे उतरू नये म्हणून. ते तुंबून राहिलं लिंबोणीच्या मुळाशी. वरची नर्सरी माझी, खालची तिची. बाबांनी दोघी बहिणींत वाटणी केली तेव्हा चर मात्र एकच ठेवला. "पाण्याची वाटणी होत नाही," म्हणाले होते.

तिने करून दाखवली.

५ मे

एक गोष्ट राहून राहून आठवते. लिंबोणी आजारी पडली तेव्हा मी तिला चाकू लावला नाही. बाबांचा नियमच होता — आजारी झाडाचा डोळा काढून दुसऱ्या खुंटावर कलमाला भरायचा नाही, आधी झाड बरं करायचं. मी खोडाला लेप लावत होते, माती मोकळी करत होते. आणि एक दिवस सकाळी बघते तर शेंड्याच्या काड्या कुणीतरी तोडून नेलेल्या! कुंपणापाशी धाकटीच्या चपलांचे ठसे. कशाला नेल्या असतील? कुंपणात खोचायला? मरणाऱ्याच्या अंगावरचे दागिने काढावेत तसं वाटलं.

तेव्हाच ठरवलं. बोलायचं नाही. भांडायचं नाही. फक्त पुढच्या पुराची वाट बघायची.

९ मे

शेती खात्याच्या सभागृहात नर्सरीवाल्यांसाठी आपत्तीचं शिबिर. पंखे सगळे स्टेजवर फिरवलेले, आम्ही घामाघूम. साहेब तरुण होते, पण कामाचं बोलले. उंच रोपं वादळाच्या आधी आपणच आडवी करायची. वारा शिरायच्या आत शेडनेटच्या दोऱ्या सोडायच्या — कापड गेलं तरी सांगाडा वाचतो. जनरेटर जमिनीवर ठेवायचा नाही. मातृवृक्षाची, म्हणजे ज्यावरून कलमं घेतो त्या झाडाची, जादा रोपं दुसऱ्याच्या जागेत ठेवायची, म्हणजे एकीकडे बुडालं तर दुसरीकडे राहतं.

"दुसऱ्याच्या म्हणजे कुणाच्या?" मागून एकाने विचारलं.

"शेजाऱ्याच्या."

"साहेब, आमच्या शेजाऱ्याला तुम्ही बघितलेलं नाही!"

सगळं सभागृह हसलं. मीसुद्धा. धाकटी दोन रांगा पुढे बसली होती. ती नाही हसली. मान खाली घालून लिहून घेत होती. डाव्या अंगठ्याला पट्टी. कधी नव्हे ते हाताने काम करायला लागली वाटतं! बाबांनी चाकू धरायला शिकवलं ते मला. ही रडून पळून जायची.

शेवटी साहेब म्हणाले, "प्रत्येकाने आपल्या जागेचा नकाशा काढा. पाणी येतं कुठून आणि सोडायचं कुठे, एवढं ठरलं तरी निम्मं काम झालं."

कुठे सोडायचं! मला अगदी पाठ आहे.

१० मे

नकाशा काढला. बाण सुरेख आलाय.

१८ मे

जेसीबी येऊन गेला. कुंपणाच्या कडेने नवा चर खणून घेतला. रुंद, खोल, सरळ. जुन्या चराची फळी आता टाकली काय, उचलली काय! नवा चर तिला वळसा घालून उतरतो आणि तोंड उघडतो ते नेमकं धाकटीच्या पॉलिहाऊसच्या दारापुढे.

जेसीबीवाला खाली उतरून बघत राहिला. "बाई, हे पाणी त्या खालच्यांच्या अंगावर जाईल."

"उतार आहे. पाणी उतारानेच जाणार ना?"

"उतार आहे खरा," तो म्हणाला. "पण तोंड तुम्ही फिरवलंय."

आई ओट्यावर बसून सगळं बघत होती. जेसीबी गेल्यावर तिने हाक मारली.

"काय गं, तुझ्या त्या आराखड्यात मी कुठे आहे?"

"तू वर आहेस, आई. माझ्याकडे."

"आणि माझ्या पोटची दुसरी?"

मी नळ सोडून पाय धुवायला लागले. मोठ्याने पाणी सोडलं की ऐकू येत नाही.

२३ मे

धाकटी आली होती! कुंपणापलीकडूनच, पण आली. नव्या चराकडे बघितलं. बघितलं नाही असं दाखवलं.

"ताई, यंदा पाणी आलं तर काय करायचं ते बसून ठरवू या का? साहेब म्हणाले तसं."

"माझं ठरलंय."

"हो. दिसतंय."

तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. माझ्याहून आधी. मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. मग परत बरं वाटलं.

"ताई, एकदा खाली येशील? पॉलिहाऊसमध्ये. तुला काहीतरी दाखवायचंय."

"काय?"

"तू ये तर. मला नीट जमलंय का ते तुलाच कळेल."

नवी जाळी बसवली असेल, नाहीतर फवारे. मला मिरवून दाखवायला! "बघू," म्हटलं. बाबा कुणाला नाही म्हणायचं असलं की असंच "बघू" म्हणायचे. तिलाही ते माहीत आहे. गेली खाली मान घालून. आता दोन्ही अंगठ्यांना पट्टी.

एका शब्दाने माफी मागितली नाही. मागच्या वर्षी तिचा नवरा म्हणाला होता, "एवढं काय त्यात, झाडच आहे ना शेवटी?" आणि ही शेजारी उभी राहून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. ते मी विसरणार नाही. मेले तरी नाही.

२ जून

लहानपणी धाकटी आणि मी एकाच गादीवर झोपायचो. ती माझी वेणी मुठीत धरून झोपायची — मी उठून कुठे जाऊ नये म्हणून. कूस बदलायची तर डोकं ओढलं जायचं. एकदा चिडून मी वेणीऐवजी उशीचा कोपरा दिला तिच्या हातात. सकाळी उठून किती रडली!

हे आज का आठवावं? जनरेटर वर चढवून घेतला. लोखंडी मांडणी आणली. शेडनेटच्या दोऱ्यांना नव्या गाठी मारल्या — एका झटक्यात सुटतील अशा. माझी तयारी अशी आहे की साहेबांनी येऊन फोटो काढावा.

तरी खालचा तो चर रोज जाऊन बघते. कचरा अडकलाय का. कचरा अडकला तर पाणी नीट जायचं नाही.

९ जून

उद्या वादळ. रेडिओवर सकाळपासून तेच. कामावरच्या बायकांना हाताशी घेऊन सगळी उंच रोपं आडवी केली. ओळीने निजलेली — गुलाब, पेरू, चाफा. आपणच हळूच झोपवलं की मोडत नाहीत.

संध्याकाळी धाकटीचा फोन. घेतला नाही. परत आला. आई म्हणाली, "घे गं, काही अडलं असेल."

"अडू दे."

आई माझ्याकडे अशी काही बघत राहिली की मीच फोन पालथा घातला.

१० जून

आलं! दुपारी आलं. आधी वारा, मग वरच्या अंगाचा ओढा फुटला. मी दोऱ्या सोडल्या, कापड उडालं, सांगाडा जागचा हलला नाही. आणि पाणी — तांबडं, फेसाळलेलं — माझ्या वाफ्यांच्या कडेने, मी आखून दिलेल्या वाटेने सरळ खाली. शहाण्या मुलासारखं! एक पिशवी वाहिली नाही माझी. एक कुंडी नाही.

मी चिंब भिजून कुंपणापाशी उभी होते. खाली धाकटीचं पॉलिहाऊस. दारातून शिरलं, मागून फुटलं. ट्रे तरंगायला लागले. कुणीतरी आत धावताना दिसलं. तीच. तिचा नवरा बाहेरून ओरडत होता, "सोड! सोड ते सगळं, बाहेर ये!"

ती परत आत गेली.

मी मोठ्याने म्हणाले, बाबांना ऐकू जाईल असं म्हणाले — झाडच आहे ना शेवटी!

घसा बसलाय. वर्षभरात आज पहिल्यांदा पोटभर जेवले. आई जेवली नाही.

११ जून

आई म्हणाली, "तू जातेस की मी जाऊ?" म्हणून गेले.

गुडघाभर चिखल. धाकटी उलट्या पडलेल्या मांडणीवर बसली होती, मांडीत एका रोपाची पिशवी धरून. मला बघून उठली. पहिलं वाक्य काय म्हणाली — "ताई, तुझ्याकडे पाणी तुंबलं नाही ना? फळी मी उचलूनच टाकली होती यंदा. तेच सांगायला फोन केला होता."

मग पिशवी माझ्या हातात दिली. "मागच्या वर्षी लिंबोणीच्या काड्या नेल्या होत्या ना, त्यांची कलमं. पुष्कळ वाया गेली, एक जगलं, मग त्याच्यावरून पुढची जमायला लागली. बाकीची खालच्या वाफ्यात होती. एवढंच वर धरता आलं."

कलमाला वेडीवाकडी पट्टी. डोळा जरा तिरकाच बसवलेला. पट्टीखाली खुंटाला काटेच काटे. मी अंगठा पट्टीच्या वर, नव्या फुटव्यावर सरकवला.

एकही नाही.