कॅसेटमधला हात

४ फेब्रुवारी

डिस्क आली! डॉक्टरांनी स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवली. "तुमचा सिनेमा, ताई! साफसूफ केलेला, अगदी मूळ आकारात!" आमचे दातांचे डॉक्टर म्हणजे सिनेमाचे वेडे. मी पाच वर्षांची असताना एका सिनेमात होते हे त्यांना कळल्यापासून मला रजा मागायला अडचण येत नाही.

मूळ आकार म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं. आत पेशंट आ वासून बसला होता.

५ फेब्रुवारी

सकाळीच आत्याचा टोमणा — "नटीबाई, आधी नाश्ता करा, मग पडद्यावर या!" दोघींनी मिळून बघितला. काय ते चित्र! टीव्ही या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेला. त्या घराच्या भिंती पोपटी होत्या, हे मला आज कळलं. वरून लोंबणारा माइक मात्र गायब. लहानपणी कॅसेटवर तो दिसला की मी आणि दादा टाळ्या पिटायचो.

मग माझं दृश्य. उंच खुर्चीवर मी, दोन वेण्या, फुगलेले गाल. "बाबा कधी येणार?" एवढंच वाक्य. बोलले. संपलं.

हात कुठाय??

मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघितलं. चित्र माझ्या गुडघ्यांपाशीच संपतं. पाय नाहीत, मग हात कुठून असणार?

६ फेब्रुवारी

कालपासून जेवण जात नाही. वेडेपणा आहे, कळतं मला.

शूटिंगला मी पाय हलवत बसायचे. खुर्ची कुरकुरायची आणि आवाजवाला वैतागायचा, असं आत्या सांगते. म्हणून आई खुर्चीमागे खाली बसली आणि तिनं माझा घोटा धरून ठेवला. थिएटरात ते कुणाला दिसलं नाही. पुढे घरी कॅसेट आली, आणि तिच्यात खालच्या बाजूला दिसला — एक हात! अंगठा माझ्या घोट्यावरून हळूच फिरतोय. तोवर आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. "आईचा हात!" मी किंचाळलेच. बाबा उठून बाहेर गेले. आत्या म्हणाली, "हो गं."

आईचे फोटो आहेत, पण सगळ्यांत ती छायाचित्रकाराला घाबरल्यासारखी ताठ. हलणारी आई म्हणजे तेवढा एक अंगठा. शाळेतून आले की दप्तर फेकायचं आणि कॅसेट लावायची. तेवढ्याच जागी लावून लावून तिथं पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या.

७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी समजावलं. कुणाच्या तरी दातांचा एक्स-रे घेतला, वर एक पुठ्ठ्याची पट्टी धरली, खाली एक. "थिएटरात असं झाकूनच दाखवायचं ठरलेलं होतं. घरचे टीव्ही तेव्हा चौकोनी. तो सगळा भरावा म्हणून कॅसेटवाल्यांनी पट्ट्या काढल्या. मग काय, माइक, पाय, सगळा पसारा उघडा! ती चूक होती हो ताई. आता दुरुस्त केली."

चूक! माझी आई चूक!

त्यांचा काही दोष नाही. पण दुपारी त्यांच्या चहात मी साखर घातली नाही.

९ फेब्रुवारी

कॅसेट सापडली. माळ्यावर, जुन्या पडद्यांच्या गाठोड्यात. फितीवर पांढरी बुरशी.

आत्या म्हणाली, "टाकून दे ती घाण. किती वर्षं कवटाळून बसणार आहेस?"

माझा तोल गेला. "तुला काय त्याचं? तुझी आई नव्हती ती!"

ती कपड्यांच्या घड्या घालत बसली.

११ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याकडे दिली. त्यानं फीत उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं. "प्रयत्न करतो. पण मधे तुटली तर मला बोलायचं नाही."

मधे म्हणजे कुठे?? विचारायची हिंमत झाली नाही. चपला घालताना पट्टाच सापडेना.

१६ फेब्रुवारी

फोन नाही.

१७ फेब्रुवारी

फोन नाही. आत्याशी बोलणं मीठ-तिखटापुरतं. ती मात्र रोज डबा भरून देतेय, नेहमीसारखा.

२१ फेब्रुवारी

मिळालं! सगळं मिळालं! पेनड्राइव्हवर घालून दिलंय. दुरुस्तीवाला म्हणाला, "रेघा राहिल्यात थोड्या, आणि दोन्ही बाजूंना काळं दिसेल. चौकोनी आहे ना." असू दे काळं! दुकानात उभ्या उभ्याच रडले. तो बिचारा गोंधळून मला स्टूल देत होता.

डॉक्टरांच्या चहात साखर घालायला हरकत नाही आता.

२२ फेब्रुवारी

नव्या टीव्हीवर हात केवढा मोठा दिसतो. तिथंच थांबवला. करंगळी वाकडी आहे, टोकाशी बाहेर वळलेली. आईची कशी होती, मला माहीत नाही. पण ही करंगळी मला माहीत आहे. आज सकाळी तिनंच मला चहाचा कप दिला.

"आत्या..." मी पडद्याकडे बोट दाखवलं.

ती दारात उभी होती. "आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती गं. तू आईचा म्हणालीस, मी हो म्हटलं."